जिंकणार कोण, हे ठाऊक असताना

सुपरहिरोच्या नव्या अंकाचं परीक्षण करायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण अशी, की पहिलं पान उलटण्याआधीच त्याला शेवट ठाऊक असतो. सुपरमॅन हरत नाही. 1992 च्या नोव्हेंबरात विक्रीला आलेल्या अंकात तो मेला, लोकांनी तो अंक लाखोंनी विकत घेतला आणि वर्ष उलटायच्या आत तो परतला. बॅटमॅनचा शत्रू जोकर पकडला जातो आणि सुटतो. स्पायडरमॅनचं घरभाडं थकतं, नोकरी जाते, तरी पुढच्या महिन्यात तो इमारतींवरून झोके घेतच असतो, कारण प्रकाशकाला पुढच्या महिन्यातही अंक विकायचा असतो. कादंबरीच्या परीक्षणात 'पुढे काय होतं' याला जे वजन असतं, ते इथं उरतच नाही. मग अंक चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावर?

कडेगावच्या वाचकाला या प्रश्नाचं निम्मं उत्तर आधीच येतं, असं माझं म्हणणं आहे. हा मुलूख कुस्ती पाहणाऱ्यांचा आहे. शेजारच्या पलूस तालुक्यात कुंडलचं मैदान भरतं, तिथं हजारो माणसं जमतात. नामांकित मल्ल आणि नवखा पोरगा अशी जोड लागली, तर कोण जिंकणार हे हलगी कडाडायच्या आधीच सगळ्यांना कळलेलं असतं. तरी माणसं उन्हात बसून राहतात. परतीच्या वाटेवर बोलणं असतं ते पट कसा काढला, ढाक कुठं फसली, खालून सुटताना पोरानं काय केलं, याचं. खडाखडीत वेळ काढणाऱ्या नामांकिताला शिट्ट्या बसतात आणि हरलेल्या पोराच्या हातावर नोटा ठेवल्या जातात. निकाल ठाऊक असताना डाव तोलण्याची ही सवय सुपरहिरोच्या अंकाला नेमकी लागू पडते. नायक जिंकणार, हे धरूनच चालायचं. तो कुठल्या डावावर जिंकला आणि तो डाव कमावलेला होता की फुकटात मिळाला, एवढं पाहायचं. पुढची सगळी पानं या एका वाक्याचा विस्तार आहेत.

अमेरिकेत कॉमिक्सचे नवे अंक साधारण दर बुधवारी दुकानांत येतात आणि गुरुवारपर्यंत त्यांची परीक्षणं छापून होतात. कऱ्हाड-विटा रस्त्यावरच्या, मोहरमच्या गगनचुंबी ताबुतांसाठी ओळखल्या जाणाऱ्या कडेगावात असा बुधवार नसतो. इथं अंक येतो तो पार्सलनं, फोनच्या पडद्यावर किंवा पुण्याला शिकणाऱ्या भावाच्या पिशवीतून. त्याआधी बहुधा सिनेमा येऊन गेलेला असतो. 2023 सालचा 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात मराठीसह दहा भाषांत आला, त्यामुळे ज्यानं एकही अंक हातात धरलेला नाही अशा पोरालाही पवित्र प्रभाकर हा भारतीय स्पायडरमॅन माहीत असतो. अंकाकडे सिनेमाची जाहिरात किंवा सिनेमाचं उष्टं म्हणून पाहण्याची खोड तिथून लागते. ती पहिल्यांदा सोडायला हवी. पडद्यावरच्या गोष्टीचा वेग दिग्दर्शक ठरवतो. कागदावर तो वाचकाच्या बोटात असतो आणि चित्रकाराला ते बोट कुठं थांबवायचं, कुठं पळवायचं, हे चौकटींतून साधावं लागतं. दोन्हींना एकच माप लावलं तर दोघांवरही अन्याय होतो.

मराठी वाचकाचं या नायकांशी नातं जुनं आहे. 'टाइम्स ऑफ इंडिया'नं मार्च 1964 मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतूनही ते निघत असे आणि 1990 मध्ये बंद पडेपर्यंत त्याचे आठशेहून अधिक अंक निघाले. ली फॉक यांनी 1936 मध्ये अमेरिकी वृत्तपत्रांसाठी रचलेला फँटम मराठीत 'वेताळ' झाला. त्यांचाच 1934 चा जादूगार मँड्रेकही इथं घरचा झाला. मूळ गोष्ट रोजच्या वृत्तपत्रातल्या पट्टीची. ती अंकाच्या पानात बसवताना चौकटी कापल्या गेल्या, पुन्हा जुळवल्या गेल्या, रंग नव्यानं भरले गेले. फँटमच्या देशाचं नाव बंगालशी मिळतंजुळतं होतं, ते भारतीय संपादकांनी 'डेंकाली' केलं, त्याच्या बापाच्या खुन्याचं 'रामा' हे नाव बदलून 'रामालू' केलं. म्हणजे आपल्यापर्यंत आलेला अंक हा नेहमीच कुणीतरी आपल्यासाठी पुन्हा रचलेला अंक होता. त्या कापाकापीचा हिशेब मात्र कुणी फारसा मांडला नाही. कवितेचं, नाटकाचं, गाण्याच्या मैफलीचं, अगदी कीर्तनाचंही बारकाईनं परीक्षण करणाऱ्या मराठीनं कॉमिक्सला 'मुलांचं वाचन' म्हणून बाजूला ठेवलं आणि वाढत्या वयात पोरांच्या हातून ते काढून घेण्यापलीकडे त्याची दखल घेतली नाही.

हे विशेष खटकतं ते आपल्याकडची चित्रकथेची परंपरा पाहिली की. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गात आले. ती चित्रांची पोथी म्हणजे क्रमानं लावलेल्या चौकटीच. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांचं 'चित्ररामायण' 1916 मध्ये प्रसिद्ध झालं. सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेल्या या राजाला कमावलेल्या शरीराची ओढ होती, आणि अमेरिकेत पिळदार अंगाचा सुपरमॅन छापला जाण्याआधी बावीस वर्षं त्यानं पराक्रमाची गोष्ट चित्रांच्या मालिकेतून सांगून पाहिली होती. याच संस्थानच्या हद्दीत उभ्या राहिलेल्या किर्लोस्करवाडीतून 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, तिचंच पुढं 'किर्लोस्कर' मासिक झालं. शंकरराव स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले. संपादकीय लिहिणारा त्यांचा हात 'टाकांच्या फेकी' ही व्यंगचित्रंही काढत होता. चित्र आणि मजकूर एका पानावर कसे भांडतात, कसे नांदतात, याची जाण असलेलं संपादकीय टेबल कडेगावपासून हाकेच्या अंतरावर होतं.

आता अंकाकडे. पहिलं माप पानाचं.

अमेरिकी मासिक अंकात साधारण वीस-बावीस पानं गोष्ट असते, बाकी जाहिराती. किंमत चार-पाच डॉलर. एवढ्या तुटपुंज्या जागेत प्रत्येक चौकटीला काम असलं पाहिजे. हे काम कसं असतं, याचा धडा 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या फेब्रुवारी 1966 च्या तेहतिसाव्या अंकात आहे. स्टीव्ह डिटको यांनी चितारलेल्या या अंकात नायक प्रचंड यंत्राखाली चिरडला गेलाय, वरून पाणी गळतंय आणि मे काकूंना वाचवणारं औषध हाताच्या अंतरावर पडलंय. डिटको त्याला लगेच उचलू देत नाहीत. कित्येक पानं तो फक्त धडपडतो. चौकटी आधी अरुंद, अंगावर येणाऱ्या. मग हळूहळू मोठ्या होत जातात आणि शेवटी अख्ख्या पानभर तो ते लोखंड झुगारून देतो. तो सुटणार, हे पहिल्या चौकटीतच माहीत होतं. तरी पान उलटताना श्वास रोखला जातो. हा कमावलेला डाव.

दुसरं उदाहरण सुपरमॅनच्या मृत्यूचं. 'सुपरमॅन'च्या पंच्याहत्तराव्या अंकाची आठवण लोकांना राहिली ती मृत्यूमुळे आणि काळ्या वेष्टनामुळे. पण त्यातली कारागिरी वेगळीच आहे. या कथेच्या आधीच्या एका अंकात पानाला चार चौकटी होत्या, पुढच्यात तीन, त्यापुढच्यात दोन, आणि शेवटच्या अंकात डॅन जर्गन्स यांनी पानाला एकच चित्र ठेवलं. चौकटी कमी होत गेल्या तसा प्रत्येक घाव मोठा होत गेला. नायक परतणार हे ठाऊक असूनही ती मोजणी आजही काम करते. नवा अंक हाती घेतला की आधी अक्षर न वाचता नुसती पानं उलटून पाहावीत ती याचसाठी. गोष्ट नुसत्या चित्रांतून कितपत कळते? पान उलटण्याच्या जागी काय ठेवलंय? पानभर चित्र आलंय ते गरजेपोटी की वेळेत अंक उरकायला? फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचणाऱ्यानं एकदा तरी अख्खं पान एका नजरेत पाहावं, नाहीतर चित्रकाराची निम्मी मेहनत त्याच्या डोळ्यांपुढे येतच नाही.

पानाची रचना म्हणजे चौकोनी पेट्याच असतात, असंही नाही. 2011 च्या 'भीमायन'चा दाखला इथं दिल्यावाचून राहवत नाही. ते सुपरहिरोचं पुस्तक नाही, पण नायकाचं निश्चित आहे आणि त्यातला एक प्रवास आपल्या अंगणातला आहे. 1901 मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर आणि त्यांच्यासोबतची मुलं वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. ही मुलं अस्पृश्य आहेत हे कळताच स्टेशनमास्तरपासून गाडीवानापर्यंत सगळ्यांची वागणूक पालटली आणि रात्रभर त्यांना पाणी मिळालं नाही. मसूर कऱ्हाड तालुक्यात, कडेगावच्या वाटेवरचं म्हणावं इतकं जवळ. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी ही गोष्ट सांगताना चौकटी मोडून टाकल्या. पान वळणदार नक्षीनं विभागलं. मायेनं बोलणाऱ्यांचे फुगे पाखरांच्या आकाराचे केले आणि विखारी बोलणाऱ्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी लावली. कोण काय म्हणतोय हे वाचायच्या आधी कोण कसा आहे हे दिसतं. सुपरहिरोच्या अंकाचं परीक्षण करणाऱ्यानं हे पुस्तक शेजारी ठेवावं. 'असंच असतं' म्हणून जे आपण खपवून घेतो, ते तसंच असायला हवं असं नसतं, हे त्यातून कळतं.

दुसरं माप शब्दांचं. वाईट अंक ओळखायची सोपी खूण अशी, की चित्रात नायक दार तोडताना दिसतो आणि फुग्यात तो म्हणतो, 'मी हे दार तोडतो आहे.' चित्र आणि शब्द एकच काम दोनदा करत असतील तर त्यातलं एक फुकट गेलं. मराठी किंवा हिंदी आवृत्ती हातात असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. फुगे मूळ इंग्रजी मजकुराच्या मापानं काढलेले असतात. देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी-रफाराला आणि खाली उकाराला जागा लागते, त्यामुळे दोन ओळींतलं अंतर वाढतं. शिवाय आपलं वाक्य कधी कधी लांब होतं. मग अक्षर बारीक करावं लागतं किंवा वाक्याचे हातपाय कापावे लागतात. चांगला भाषांतरकार वाक्यच नव्यानं घडवतो. नायक कसा बोलतो, खलनायक कसा, पोलीस शिपाई कसा, हे वेगवेगळं ऐकू येतं का? की सगळेच सरकारी परिपत्रकासारखं बोलतात? परीक्षणात भाषांतरकाराचं आणि अक्षरलेखन करणाऱ्याचं नाव घ्यायलाच हवं. ते छापलेलंच नसेल तर तेही नोंदवायला हवं.

तिसरं माप ताकदीच्या किमतीचं, आणि या मापाबाबत कडेगावचा वाचक सहजासहजी फसायचा नाही. कारण या मुलखानं खरे नायक पाहिलेत. 1943 ते 1946 या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, क्रांतिसिंह नाना पाटील यांचं ब्रिटिश सत्तेविरुद्धचं प्रतिसरकार चाललं. कुंडल हे त्याचं मोठं केंद्र. जी. डी. बापू लाड यांच्या पुढाकारानं तुफान सेना उभी राहिली. 7 जून 1943 रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला गेला. न्यायनिवाडे झाले, साधेपणानं गांधी पद्धतीची लग्नं लागली, गावगुंडांना वेसण घातली गेली. त्या माणसांकडे उडण्याची शक्ती नव्हती. भूमिगत राहण्याची किंमत मात्र त्यांच्या घरांनी मोजली. जप्त्या झाल्या, मारहाणी झाल्या, बायका-मुलांना रानोमाळ व्हावं लागलं. अशा गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या वाचकापुढे मुखवटा घातलेला नायक आला, की तो नकळत विचारतो: याला भाकरी कोण देतं? याला लपवतं कोण? हा पकडला गेला तर भोगणार कोण?

हे प्रश्न परीक्षणात उघडपणे विचारावेत. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी 'इंद्रजाल'साठी 'बहादूर' रचला, गोविंद ब्राह्मणिया यांनी त्याला रूप दिलं. भगवा कुर्ता आणि जीन्स घालणारा हा तरुण डाकूचा मुलगा. त्याच्या बापाला गोळी घालणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यानंच त्याला वाढवलेलं, आणि तो गावकऱ्यांचं नागरी सुरक्षा दल उभारतो. वेताळाच्या जंगलात गोरा माणूस स्थानिकांचा रक्षक असतो. बहादूरमध्ये गावच स्वतःची राखण करतं. हा मोठाच पल्ला. पण तुफान सेना माहीत असलेला वाचक इथं थांबत नाही. बहादूरचं दल पोलिसांच्या सोबतीनं चालतं. सत्ताच अन्यायी असेल तेव्हा ते काय करील, हा प्रश्न ती मालिका क्वचितच स्वतःला विचारते. अशी तुलना परीक्षणाला खोली देते. आणि ती करायला न्यूयॉर्कचा वाचक असावं लागत नाही, कडेगावचा असणं जास्त उपयोगी पडतं.

नवे अंकही याच मापानं मोजता येतात. जानेवारी 2024 मध्ये जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांनी 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' नव्यानं सुरू केला, त्यात पीटर पार्कर शाळकरी पोर नाही. बायको आणि दोन मुलं असलेल्या बाप्याला ही शक्ती मिळते. ऑक्टोबर 2024 मध्ये स्कॉट स्नायडर आणि निक ड्रॅगोटा यांच्या 'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन'नं ब्रूस वेनची गडगंज संपत्तीच काढून घेतली. तो कामगार वस्तीत वाढलेला अभियंता झाला. दोन्ही अंकांनी नायकाच्या पायाखालची एकेक फळी काढली आणि मग त्याला उभं राहायला सांगितलं. पैसा नसताना बॅटमॅन म्हणजे काय उरतं? पोरांना शाळेत सोडायचं असताना रात्रीचा पहारा कसा करायचा? ओळखीच्या नायकाला नव्या अडचणीत टाकून जुनं उत्तर चालत नाही असं करणं, हे नव्या पहिल्या अंकाचं खरं काम. नुसता पोशाख बदलला, काळा रंग जास्त वापरला आणि रक्त वाढवलं, तर तो नवा अंक नव्हे.

चौथं माप जागेचं. 2004 मध्ये गॉथम एंटरटेनमेंटनं मार्व्हलच्या परवानगीनं 'स्पायडर-मॅन: इंडिया' काढलं. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांचा हा पवित्र प्रभाकर खेड्यातून मुंबईला येतो, धोतर नेसून इमारतींवर चढतो, माया काकू आणि भीम काका त्याला वाढवतात. शक्ती कोळ्याच्या चाव्यातून न येता एका योग्याकडून येते. चार अंकांची ही मालिका हौसेनं केलेली होती, पण तिच्यात मुंबई किती आणि मुंबईचा देखावा किती, हे विचारायला हवं. लोकल, चाळ, मंदिर, समुद्र दाखवला की जागा उभी राहत नाही. धोतर ही खेड्यातल्या पोराची खूण म्हणून चितारणारा, खेड्यातलं पोरगं शेवटचं कधी पाहिलं होतं, असा प्रश्न कडेगावच्या वाचकाला पडणारच, आणि तो परीक्षणात यायला हवा.

याउलट काही वेळा स्थानिक वाचकाला अंकात असं काही दिसतं, जे दिल्लीतल्या संपादकाच्या मनातही नसतं. दिल्लीच्या राज कॉमिक्सचा 'नागराज' 1986 मध्ये आला. एका प्राध्यापकानं दहशतीचं हत्यार म्हणून घडवलेला हा माणूस बाबा गोरखनाथांमुळे त्या गुलामीतून सुटतो. सांगली जिल्ह्यातल्या वाचकाला गोरखनाथ आणि नाग म्हटल्यावर बत्तीस शिराळ्याची नागपंचमी आठवल्याशिवाय राहत नाही; तिथल्या आख्यायिकेतही गोरखनाथ आहेत, आणि जिवंत नागाची पूजा हा तिथं श्रद्धेबरोबरच न्यायालयाचा आणि वन्यजीव कायद्याचाही विषय आहे. ते सारं मनात ठेवून 'नागराज' वाचला तर नागांना शरीरात बाळगणारा नायक निराळाच दिसू लागतो. आणखी एक गोष्ट: नागराजचे सुरुवातीचे अंक चितारले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. 'अमर चित्र कथा'च्या अनेक पुस्तकांतले पौराणिक आणि ऐतिहासिक देह त्यांच्याच हातचे. ती राजबिंडी ठेवण हिंदीतल्या सर्वांत गाजलेल्या सुपरहिरोला मराठी हातानं मिळाली. परीक्षणात चित्रकाराचं नाव आलंच पाहिजे, हा आग्रह त्यासाठीच.

नावांचा हा आग्रह नुसता सौजन्याचा नाही. 1938 मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे हक्क 130 डॉलरना विकले. पुढं त्या नायकावर कोट्यवधी कमावले गेले, आणि या दोघांना म्हातारपणी निवृत्तिवेतनासाठी आणि स्वतःचं नाव छापून यावं म्हणून भांडावं लागलं. 1975 मध्ये ते मिळालं. अन्यायाविरुद्ध लढणाऱ्या नायकाच्या धंद्यात हा अन्याय झाला. लेखक, चित्रकार, शाई करणारा, रंग भरणारा, अक्षर काढणारा या सगळ्यांचं काम वेगळं असतं. 'चित्रं छान आहेत' असं लिहिणाऱ्यानं निदान एवढं पाहावं, की छान वाटतंय ते रेखाटन, शाई की रंग.

पाचवं माप अंकाच्या विक्रीच्या क्लृप्त्या ओळखण्याचं. 'अंक पहिला' असं छापलं की खप वाढतो, म्हणून प्रकाशक वारंवार मोजणी पुन्हा सुरू करतात. डीसीनं सप्टेंबर 2011 मध्ये एकदम 52 पहिले अंक काढले. एकाच अंकाला वेगवेगळी मुखपृष्ठं लावून तोच अंक दोनदा विकला जातो. एक गोष्ट पाच मालिकांत विभागून पाचही घ्यायला भाग पाडलं जातं. नव्वदच्या दशकात लोकांनी अंक वाचायला न घेता गुंतवणूक म्हणून साठवले, बाजार फुगला आणि फुटला. मार्व्हलनं 1996 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. कडेगावात अंकासाठी पैसे मोजणाऱ्या विद्यार्थ्याला परीक्षकानं सरळ सांगावं: हा अंक एकटा वाचून कळतो की नाही? यात काही पुरं होतं की सगळंच पुढच्या महिन्यावर ढकललंय? मालिकेच्या अंकानं पुढची ओढ लावावी, पण हातातल्या वीस पानांत एक तरी गोष्ट तडीस न्यावी. नाहीतर ती जाहिरात.

शेवटचं माप नायकाखेरीज इतरांचं. 1954 च्या कॉमिक्स संहितेनं अमेरिकी अंकांतला रक्तपात आवरला, पण स्त्रियांना, काळ्या माणसांना, परक्या देशांतल्या लोकांना ज्या भूमिका दिल्या जात होत्या त्यांना काही धक्का बसला नाही. आज संहिता गेली, सवयी पुरत्या गेल्या नाहीत. अंकातली बाई केवळ वाचवली जाण्यासाठी किंवा नायकाला सूडाचं कारण मिळावं म्हणून मारली जाण्यासाठी आहे का? 2014 च्या 'प्रियाज शक्ती'नं अत्याचार सोसलेल्या मुलीलाच नायिका केलं आणि तिची लढाई गुन्हेगाराइतकीच तिलाच दोष देणाऱ्या गावाशी आहे, हे दाखवलं. त्या पुस्तकाची रचना काही ठिकाणी प्रचारकी वाटते, ते लिहावं. पण प्रश्न बरोबर ठिकाणी ठेवलाय, हेही लिहावं.

या मापांचा वापर करताना तीन पथ्यं पाळावीत. अंक दोनदा वाचावा, आधी चित्रांसाठी, मग शब्दांसाठी. शेवट फोडू नये. नायक जिंकतो हे सगळ्यांना माहीत असलं तरी कसा जिंकतो ते प्रत्येकाला स्वतः पाहू द्यावं. आणि पाचपैकी चार तारे देऊन मोकळं होणं टाळावं. ताऱ्यांपेक्षा एक चौकट निवडून तिच्याबद्दल चार ओळी लिहिणाऱ्यानं अंक खरोखर पाहिलाय, हे लगेच कळतं.

मराठीत सुपरहिरो कॉमिक्सची सशक्त परंपरा उभी राहिली नाही, याची हळहळ अनेकदा कानी येते. 2015 मध्ये निखिल महाजन यांच्या 'बाजी' चित्रपटानं मराठी मुखवटाधारी नायक पडद्यावर आणला; कागदावर मात्र तशी सलग मालिका रुजली नाही. ती रुजायची तर लिहिणारे, काढणारे हवेत, छापणारे हवेत, आणि तितकेच चोखंदळ वाचणारेही हवेत. चांगल्या अंकाला चांगलं आणि फुसक्याला फुसकं म्हणणारा वाचक नसेल तर चांगला अंक काढण्याचे कष्ट कुणी घेणार नाही. तेव्हा पुढचा अंक हाती आला की वाचून बाजूला टाकू नका. शाळेच्या हस्तलिखितात, महाविद्यालयाच्या वार्षिकात किंवा गावच्या वाचनालयाच्या फलकावर त्याबद्दल अर्धं पान मराठीत लिहा. काढणाऱ्यांची नावं द्या, एक चौकट नीट उलगडून दाखवा, आणि शेवटच्या ओळीत सरळ सांगा: घ्यावा की न घ्यावा.